वळणावरचा हिरवा बावटा

प्रिय शिट्टीवाल्या,

हे पत्र तुला पोस्टमन आणून देणार नाही. गार्डमामा ते चुनखडीच्या खड्याला बांधून चालत्या गाडीतून तुझ्या फाटकापाशी टाकणार आहेत. मामांचा नेम तुला माहीत आहे. खडा डोक्यात बसला तर राग त्यांच्यावर काढ, माझ्यावर नको; मी खडा लहानच निवडला आहे. हसलास ना? मला इथून दिसत नाही, पण हसलास असं धरून चालते, नाहीतर पुढचं लिहायला हात उचलणार नाही.

आधी बातम्या सांगते. खाण बंद झाली. दगड संपला म्हणे. इतकी वर्षं डोंगर पोखरला तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं की दगडसुद्धा संपतो. सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितली आहेत. शेजारची मेसवाली मावशी मुलीकडे राहायला गेली. जाताना तिची ती भली मोठी कढई मला देऊ करत होती. मी म्हटलं, मावशी, एकटीला एवढी कढई कशाला, त्यात झोपू का? ती हसली आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. कंपाउंडरही गेला. दवाखान्याला कुलूपसुद्धा न लावता गेला, आत चोरण्यासारखं काही नव्हतंच. मोरीतला नळ अजून गळतो. 'उद्या बघतो' म्हणाला होतास, तोच नळ. मी खाली बादली ठेवते आणि ती भरली की मागच्या अंगणातल्या झाडाला घालते. झाड चांगलं वाढलं आहे, त्यामुळे नळाबद्दल तुला बोलायला मला तोंड उरलेलं नाही.

मामा निवृत्त होताहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा डबाही. आता मालगाडीला मागे गार्डाचा डबा लावायचा नाही असं ठरलं आहे. मालाच्या शेवटच्या वाघिणीला एक लुकलुकणारा दिवा अडकवला की झालं. मामा म्हणाले, "चाळीस वर्षं मी जे केलं ते एक दिवा करणार. मला वाईट नाही वाटत गं, पण त्या दिव्याला चहा करता येणार नाही." शनिवारी शेवटची गाडी खाली जाईल, उरलेली यंत्रं आणि लोखंड घेऊन. नंतर रूळ उखडतील. रूळ गेले की या वस्तीला जायला-यायला काही उरणार नाही, तेव्हा राहायचं म्हटलं तरी राहता येणार नाही.

तू इंजिनात बसायचास म्हणून तुला वाटायचं की गाडी तू चालवतोस. खरी गाडी मागे असते. दोन अरुंद बाकं, मधे लोखंडी शेगडी, ब्रेकचं ते मोठं चाक, मामांची पत्र्याची पेटी, आणि दारावर पाटी: 'प्रवाशांना सक्त मनाई'. आपल्या वस्तीला रस्ता नव्हता, त्यामुळे सगळी वस्ती त्या पाटीखालून वाकून आत शिरायची. कुणी पाटीकडे बोट दाखवलं की मामा म्हणायचे, "ज्यांना वाचता येतं त्यांनी चालत जावं." मास्तरीणबाई उत्तरपत्रिका तिथेच तपासायच्या, आणि हिसक्यासरशी पेन घसरून एखाद्या नापासाला बरोबरची खूण मिळाली तर ती खोडायच्या नाहीत. एकदा न्हावी आला होता मांडीवर आरसा घेऊन, त्यात बघून सगळ्यांनी आपापले केस नीट केले. एकदा शेळी होती. शेळीने मामांचा हिरवा बावटा अर्धा खाल्ला आणि मामांनी उरलेल्या अर्ध्यावर गाडी खाली नेली.

मालगाडीत बसणाऱ्याला घाई असून चालत नाही, हे मी तिथे शिकले. मालगाडी म्हणजे घरातली थोरली सून. सगळ्यांची पानं उठली की मग तिचं ताट. कुठलीही पॅसेंजर आली की आम्ही बाजूला, एक्स्प्रेस आली की आम्ही बाजूला. कुठल्यातरी आडबाजूच्या रुळावर उभं राहायचं, मामांनी शेगडी पेटवायची, आणि बायकांनी दुनियाभरच्या गोष्टी काढायच्या. मग पुढे कुठेतरी सिग्नल पडायचा आणि आवाज यायला लागायचा. एकेक वाघीण ओढली जायची, खण्ण, खण्ण, खण्ण, आवाज जवळ येत जायचा, आणि सगळ्यात शेवटी आपल्या डब्याला हिसका. तू पुढे हात हलवायचास तो मला असा शेवटी पोचायचा.

त्या हिसक्यानेच तर सगळं झालं. मी शिवलेले पांढरे कोट शहरातल्या दुकानात द्यायला निघाले होते आणि तुझ्या हिसक्याने मामांचा चहा त्यांच्यावर सांडला. यार्डात गाडी थांबल्यावर मी तो रिकामा कप हातात घेऊन अख्ख्या गाडीच्या लांबीएवढी चालत इंजिनापर्यंत आले. किती तणतणत आले होते! तू वरून काळ्या तोंडाने डोकावलास. मी विचारलं, "तुम्ही माणसं नेताय की दगड?" तू शांतपणे म्हणालास, "दगड. मालगाडी आहे ही." सगळं यार्ड हसलं. मी संतापाने लाल झाले, कारण तुझं बरोबर होतं. पण पुढच्या खेपेला गाडी सुटली तेव्हा कपातला चहा नुसता थरथरला, थेंबही खाली पडला नाही. मामा कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज याला काय झालंय? नवरी घेऊन निघाल्यासारखा चालवतोय."

आणि मग वळणं. मोठं वळण आलं की ड्रायव्हरने मागे बघायचं आणि गार्डाने हिरवा बावटा दाखवायचा: मागे सगळं ठीक आहे, चल पुढे. हा तुमचा नियम. एरवी गाडीचं पुढचं टोक आणि मागचं टोक एकमेकांना दिसत नाहीत, वळणावरच काय ते दिसतात. मामांना वळणाआधीच नेमकी झोप लागायला लागली. "जरा बावटा धर गं, डोळा लागतोय," असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि मिशीत हसायचे. मी दारात उभी राहून बावटा धरायचे. लांब तिकडे तू अर्धा बाहेर वाकलेला, अंगठ्याएवढा. मग तुझी शिट्टी यायची, एक लांब आणि दोन आखूड. तसली शिट्टी कुठल्याच नियमात नव्हती. स्टेशनवाल्यांनी मामांना विचारलं तर मामांनी सांगितलं, इंजिनाला खोकला झालाय.

आपण लग्न केलं आणि तू मुद्दाम हे घर मागून घेतलंस, उतारावरच्या वळणाशी, मागच्या अंगणातून रूळ दिसतात ते. बाकीच्यांनी तुला वेड्यात काढलं. दिवसभर ड्यूटीवर गाडी आणि घरी आल्यावर खिडकीतही गाडी. पण तुला माहीत होतं तू काय मागितलंस. गाडी उतारावर इथे थांबत नसे, दगडाने भरलेली एवढी गाडी थांबवायची म्हणजे खेळ नव्हे. पण जाता जाता तू मला बघायचास आणि मी तुला.

गुंडी झाली तेव्हाही मी मामांच्याच डब्यातून खाली गेले होते आणि तिला घेऊन मामांच्याच डब्यातून वर आले. त्या दिवशी तू रिकामी गाडी इतकी हळू चालवलीस की वरच्या साहेबाने खुलासा मागितला. तू 'चढ होता' असं लिहून दिलंस. मामा म्हणाले, "लिहायचं होतं ना, गुंडीएवढी पोरगी होती म्हणून." तेव्हापासून ती गुंडी. खरं नाव शाळेत घालताना ठेवू म्हणालो होतो.

मग आपली पद्धत पडली. तुझी गाडी वरून सुटल्याचा आवाज आला की मी गुंडीला घेऊन अंगणातून खाली रुळांच्या कडेला जायचे. तुझं इंजिन वळणावर आलं की तिला दोन्ही हातांनी वर उचलून धरायचे. बघ, ही बघ तुझी लेक! तू टोपी काढून हलवायचास. एक लांब, दोन आखूड. ती हातपाय झाडायची आणि मग एकेक वाघीण मोजायला लागायची, तिला पाचच्या पुढे येत नसे, म्हणून पाच झाल्या की पुन्हा एक. एकदा तिने मला विचारलं, या खरोखरच्या वाघिणी आहेत तर डरकाळी का फोडत नाहीत? मी म्हटलं, तुझ्या बाबाला घाबरतात. तिला ते पटलं. सगळ्यात शेवटी मामांचा डबा यायचा, मामा तिला सलाम ठोकायचे, मग आम्ही घरी. ती वाढत गेली तशी मला उचलायला जड व्हायला लागली, हात भरून यायचे. पण एकदाही तिला न दाखवता तुझी गाडी जाऊ दिली नाही.

मामा तुझ्या बातम्या आणतात. तू फाटकाच्या खोलीला चुना लावलास, दाराशी वेल चढवलीस. दाढी वाढवली आहेस आणि ती तुला अजिबात शोभत नाही, असं मामांचं मत. गाडी आली की नियमाप्रमाणे बावटा घेऊन ताठ उभा राहतोस, हललास तर शप्पथ. आणि मामा म्हणतात, शेवटचा डबा आला की तू मान खाली घालतोस. गाडी पूर्ण आली की नाही हे बघायला फाटकवाल्याने शेवटचा डबा बघायचाच असतो, तो नियम आहे. पण तू मामांकडे एकदाही बघितलं नाहीस. ते दर खेपेला हात वर करतात आणि तसाच खाली घेतात. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

तेव्हा आता त्या दिवसाबद्दल लिहिते. आपण कधीच बोललो नाही. तू यार्डात मला एकच प्रश्न विचारलास, मी गप्प राहिले, आणि त्यानंतर तू बदली मागून निघून गेलास. पैसे पाठवतोस, 'बरा आहे' असं लिहितोस. मी 'मीही बरी आहे' असं लिहिते. दोघंही खोटारडे.

तू आदल्या दिवशीच वर ड्यूटीवर गेला होतास. गुंडीला रात्रीत ताप चढला. सकाळी कंपाउंडरने बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला; म्हणाला, माझ्याकडे काही नाही, हिला ताबडतोब खाली मोठ्या दवाखान्यात न्या. तेवढ्यात वरून तुझी गाडी सुटल्याचा आवाज आला. वर चढून गाडी गाठणं शक्यच नव्हतं. मी गुंडीला उचललं आणि अंगणातून खाली धावले. तिची मान ताठ झाली होती, डोळे वर गेले होते. तुझं इंजिन वळणावर आलं. मी ओरडले, पण तुला कसं ऐकू येणार? हात हलवायला हात मोकळे नव्हते. मग मी तिला उचलून धरलं, दोन्ही हातांनी, जेवढं वर धरता येईल तेवढं. बघ, ही बघ! थांब!

तू टोपी काढून हलवलीस. एक लांब, दोन आखूड. आणि पुढे गेलास.

तू तेवढं एकच रात्रंदिवस घोकत असशील, मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. रोज दाखवते तशी दाखवतेय. दुसरं काय वाटणार होतं? त्या क्षणी मला तुझा राग आला नाही, खरंच सांगते. मी फक्त वाघिणी जाताना बघत होते आणि तिला खाली घ्यायचं सुचत नव्हतं. मग मामांचा डबा आला. मामा सलाम ठोकायला दारात आले, त्यांनी माझं तोंड बघितलं आणि आत वळून ब्रेक लावला. गाडी थांबायला केवढी लांब गेली! मी खडीवरून धावत सुटले. अर्ध्या वाटेवर मामा समोरून धापा टाकत आले, त्यांनी गुंडीला घेतलं, आम्ही डब्यात चढलो. पुढून तुझी शिट्टी आली, काय झालं म्हणून विचारणारी. इंजिनापर्यंत चालत जाऊन सांगायचं म्हणजे तेवढा वेळ गेला असता. मामांनी हिरवा दाखवला. तू निघालास. इतक्या घाईतही हिसका बसला नाही.

मी तिला मांडीवर घेऊन बसले. मामा एका हाताने ब्रेकचं चाक धरून, दुसऱ्या हाताने फडकं ओलं करून देत होते. बोगद्यात शिरलो तेव्हा तिचा श्वास लागत होता, मला ऐकू येत होता. बोगद्यातून बाहेर आलो आणि येत नव्हता. मी मामांकडे बघितलं. त्यांनी तिच्या नाकापाशी बोट धरलं, छातीला कान लावला. मग टोपी काढून पेटीवर ठेवली. मग त्यांनी लाल बावटा उचलला.

मी त्यांचा हात धरला.

तू मला विचारलंस, "हिरवा का दाखवलास?" त्याचं उत्तर हे. पुढे मोठा उतार होता, तुझ्यामागे दगडाने भरलेली अख्खी गाडी होती, आणि ती खाली उतरवायची होती तुझ्याच हातांनी. तिथे थांबवून तुला सांगितलं असतं, तर त्या हातांचं काय झालं असतं? आणि थांबून मिळणार काय होतं? दोन्हीकडे नुसता खडक. एवढं मी मामांना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. पण खरं कारण त्यांनाही सांगितलं नाही, ते फक्त तुला सांगते. मला वाटलं, यार्डापर्यंत तरी याची मुलगी जिवंत असू दे. माझी गेली होती. तुझी अजून होती. तुझ्याकडून ती काढून घेणं माझ्या हातात होतं, आणि मला ते जमलं नाही.

म्हणून पुढच्या वळणावर मी दारात उभी राहिले. एका हातावर ती, दुसऱ्या हातात हिरवा. तू मागे बघितलंस आणि तुला मी दिसले. मी आणि गुंडी, मामांच्या डब्यात! गाडी मामांनी आम्हाला घ्यायला थांबवली असं तुला वाटलं असणार. किती आनंद झाला तुला! तू कमरेपर्यंत बाहेर वाकलास, टोपी हलवलीस, शिट्टीवर शिट्टी दिलीस. मग प्रत्येक वळणावर तेच. मी प्रत्येक वळणावर उभी राहिले. हात भरून आले तरी राहिले. मामा चाकापाशी तोंड फिरवून बसले होते.

यार्डात तू गाडीच्या टोकापासून टोकापर्यंत धावत आलास. हसत आलास. तिला हाका मारत आलास. मी डब्यातून उतरले नाही, उतरता येईना. तू दारापाशी आलास, हात पुढे केलेस, आणि तुझ्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, ते जायला वेळ लागला. अजून डोळे मिटले की मला तेच दिसतं. तिचा चेहरा नाही दिसत रे, तुझा दिसतो.

तू परत इंजिनावर चढला नाहीस. जमिनीवरचं कसलंही काम द्या म्हणालास. मी इथे राहिले, कारण ती इथे आहे. तू तिथे राहिलास, कारण ती इथे आहे. दोघांचंही बरोबर, आणि दोघंही एकटे. काल मी टेकडीवर तिच्या जागेपाशी जाऊन आले. भोवतीचं गवत काढलं, पांढरे दगड पुन्हा नीट लावले. कुंपण भक्कम आहे. तिला सांगितलं की गाड्या बंद होताहेत, आता मोजायला काही येणार नाही. निघताना एकदा वळून बघितलं, पुन्हा नाही बघितलं.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. शनिवारी दुपारी शेवटची गाडी तुझ्या फाटकावरून जाईल. मामांच्या डब्यात मी असेन, एक ट्रंक आणि शिवणयंत्र घेऊन. तिला घेऊन वर परतले, त्यानंतर मी त्या डब्यात पाय ठेवलेला नाही, आता पहिल्यांदाच चढणार आहे. तू हिरवा दाखवलास तर गाडी पुढे जाईल आणि मी भावाकडे जाईन, त्याने खोली झाडून ठेवली आहे. हिरव्याचा अर्थ मला ठाऊक आहे: सगळं ठीक आहे, चल पुढे. काहीच ठीक नसताना तो मीही दाखवला होता, तेव्हा तुझ्यावर रागावणार नाही. पण तुझ्या खोलीत दोन माणसं मावत असतील तर लाल दाखव. विनाकारण गाडी अडवली म्हणून तुला कुणी विचारलं, तर मामांनी उत्तर तयार ठेवलं आहे: शेवटच्या डब्यात प्रवासी होता, सक्त मनाई असताना, फाटकवाल्याने गाडी थांबवून उतरवून घेतला. आयुष्यभर धाब्यावर बसवलेल्या पाटीला ते जाता जाता मान देणार आहेत. फक्त एक गोष्ट विसरू नकोस, तू इंजिनावरचा माणूस आहेस, तुला मी सांगायला नको. बावटा इंजिनाला दाखवावा लागतो, आणि मी शेवटच्या डब्यात असेन. मला बघून ठरवू म्हणशील, तर तोवर गाडी निघून गेलेली असेल. म्हणून हे पत्र आधीच्या खेपेला टाकायला दिलं. मी दिसायच्या आधी ठरव.

तुझीच,
शेवटच्या डब्यातली